दोन आखूड शाफ्ट आणि एक तंगूस

कुजलेल्या अंड्याला कुणी लसणाची फोडणी दिली आणि वर ती करपवली, तर जो दर्प उठेल, तो गिअर ऑइलचा वास. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सासऱ्यांच्या सदऱ्यातून तो घरभर हिंडायचा. मी साबण बदलले, उदबत्त्या लावल्या. तो बधला नाही. आज इतक्या वर्षांनी तोच वास नाकाशी आला की मला त्याचे पदर सुटे करता येतात. ताज्या तेलाचा गंधकी तिखटपणा वेगळा, जुन्या तेलाचा ओल्या मातीसारखा मंदपणा वेगळा. आणि ज्या तेलात गिअरच्या दातांचा चुरा मिसळला आहे, त्याला मुठीत घट्ट धरलेल्या नाण्यासारखा वास येतो. तो आला की गाडीचा मालक काहीही सांगो, मी ॲक्सल उघडायला लावते.

मी मराठीची एम.ए.; विषय कविता. वृत्तांच्या मात्रा बोटांवर मोजत वाढलेली मुलगी हाटकेशच्या औद्योगिक गाळ्यात मोटारींच्या मागच्या ॲक्सलपाशी कशी पोहोचली, हे लोक नेहमी विचारतात. उत्तर साधे आहे. माझे सासरे बहिरे होत चालले होते.

गिरगावातली जागा सोडून हे कुटुंब मीरा रोडला आले, तेव्हा अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हा गाळा घेतला. काम एकच: मागचे ॲक्सल. इंजिनाला ते हात लावत नसत. पन्नास वर्षे लेथ आणि हातोडा यांच्या सहवासात काढल्यावर त्यांचे कान आधी बारीक आवाजांना आणि मग माणसांना मुकले. मुलगा, म्हणजे माझा नवरा, विमा कचेरीत. त्याला या कामाची ओढ नव्हती. एके दुपारी मी डबा घेऊन गेले, तर अण्णा एका जीपच्या मागच्या सीटकडे बोट दाखवून म्हणाले, "बस. आणि काय ऐकू येतंय ते मला ओरडून सांग."

घोडबंदरच्या दिशेने आम्ही निघालो. मी ओरडले, "कोणीतरी रडतंय!"

"कोण? बाई की मूल?"

मी कान देऊन ऐकले. "म्हातारा! दार लावून घेऊन!"

"पाय दाबल्यावर रडतो की सोडल्यावर?"

"सोडल्यावर!"

"पिनियनचं बेअरिंग," अण्णा म्हणाले आणि गाडी वळवली. उघडल्यावर तेच निघाले.

त्या दिवसापासून मी त्यांचा कान झाले. मी उपमा द्यायची, त्यांनी निदान करायचे. भुंगा म्हटले की क्राउन-पिनियनचे दात. जात्याची घरघर म्हटली की चाकाचे बेअरिंग. वर्गात मी उपमेवर निबंध लिहिले होते. पण उपमा चुकली तर कुणाची गाडी घाटात अडकते, हे मला तिथे कुणी शिकवले नव्हते.

ज्यांचा या यंत्राशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. जुन्या धाटणीच्या गाडीत इंजिन पुढे असते आणि जोर मागच्या चाकांना लागतो. इंजिनाकडून येणारा लांब दांडा गाडीच्या लांबीत फिरतो, चाके मात्र त्याच्याशी काटकोनात फिरतात. तो काटकोन मागच्या ॲक्सलच्या पोटात घडतो. एक लहान दातेरी चाक, पिनियन, एका मोठ्या दातेरी चाकाला, क्राउनला, फिरवते. क्राउनपासून दोन्ही बाजूंना पोलादी शाफ्ट निघतात, त्यांच्या टोकांना चाके. हे सगळे ज्या पोकळ लोखंडी नळीत बसते तिला हाउसिंग म्हणतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोघांनी आपापल्या गतीने फिरावे अशी सोय मध्ये असते; तिला डिफ्रन्शियल म्हणतात. दोन चाके एकाच दांड्याला बांधलेली असूनही एकमेकांना वाट करून देतात, याचे मला अजून कुतूहल वाटते.

पिनियन आणि क्राउनचे दात एकमेकांना नेमके कुठे टेकतात, यावर त्या जोडीचे आयुष्य ठरते. ते पाहण्यासाठी आमच्याकडे शेंदूर वापरतात. तोच, देवाच्या मूर्तीला लावतात तो. तेलात कालवायचा, दातांवर ब्रशने लावायचा आणि चाक हाताने फिरवायचे. जिथे दात टेकतो तिथून शेंदूर पुसला जाऊन एक डाग उघडा पडतो. डाग दाताच्या मधोमध, तांदळाच्या मोठ्या दाण्यासारखा हवा. अण्णांच्या काळात तो पाहून पुसून टाकत. मी त्या दातांवर पातळ कागद दाबून ठसा घेऊ लागले आणि वहीत चिकटवू लागले. आज अशा सात वह्या आहेत. एकदा माझी जुनी वर्गमैत्रीण त्या चाळत म्हणाली, "हे तुझे कवितासंग्रह का गं?" मी हो म्हणाले, आणि ती हसली तरी मी हसले नाही.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा काय सांगाव्यात! शांती नगरचा एक दलाल जुन्या गाड्या विकायचा. त्याने एकदा अगदी अदबीने विचारले, "वहिनी, डिफ्रन्शियलमध्ये लाकडाचा भुसा टाकून देता का? दोन मूठ. आवाज बंद होतो. पार्टी संध्याकाळी बघायला येतेय."

भुसा टाकला की आवाज खरोखरच बंद होतो, काही दिवसांपुरता. मी त्याला म्हटले, "आवाज बंद होईल, आजार नाही."

"पण वहिनी, आजार तर पार्टीचा होणार ना!"

मी त्याला परत पाठवले, आणि पुढच्या आठवड्यात तीच गाडी नव्या मालकासह आमच्याच दारात आली. तेल सोडले तेव्हा भांड्यात सुताराच्या दुकानाची जमीन उतरली होती. त्या माणसाचा चेहरा पाहून मी तेव्हा मनाशी ठरवले की शांततेवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. ठरवलेले किती टिकले, तेच आता सांगायचे आहे.

अण्णा जाऊन तीन वर्षे झाली होती. गाळ्यात मी आणि लालजी. लालजी मूळचे जौनपूरचे, आमच्याकडे वीस वर्षे वेल्डिंग करतात. एका सकाळी टेम्पोवर चढवलेली लांब नाकाची, मागच्या चाकांवर पळणारी जुनी सेडान आली. तिच्यात मूळच्या दुप्पट ताकदीचे इंजिन बसवलेले होते. सोबत सत्ताविशीची मुलगी, हर्षदा. जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातली, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारी. सुट्टीच्या दिवशी ती धावपट्टीवरच्या पाव मैलाच्या शर्यतीत ही गाडी पळवायची. गाडी रस्त्यावर चालवायची परवानगी नव्हती, म्हणून टेम्पो.

तिच्या मागे तिचे वडील उतरले. हिराजी नाखवा, स्वतःची मासेमारीची बोट, खांद्यावर रुमाल, डोळ्यांभोवती उन्हाच्या घड्या. ते गाडीकडे पाहतच नव्हते.

"काकू, मागच्या शर्यतीत शाफ्ट तुटला," हर्षदा म्हणाली, "आणि चाक शाफ्टसकट बाहेर आलं. गाडी टायरच्या भिंतीत गेली. हे बघा." तिने गळ्याखाली हात नेला. मोडून जुळलेले हाड त्वचेखाली गाठीसारखे उठले होते.

"बाहेरून मागवलेला ॲक्सल बसवायचा तर माझ्या गाडीपेक्षा महाग पडतो. स्वस्तात काही होईल?"

नाखवांनी प्रथमच तोंड उघडले. "स्वस्तात म्हनजे माझी पोरगी स्वस्तात न्हाय हां, बाय."

"पप्पा!"

"पप्पा काय? मी बोललोय तुला. आनखी एकदा चाक निसटला, का गारी भंगारात. आनि आता पन जायची तर या बायनं मना तोंडानं सांगायचा, चाक निसटनार न्हाय. कागद नको. तोंडानं."

मी त्या वेळी सहज म्हणाले, "सांगेन की." सहज बोललेले शब्द किती जड असतात, हे कवितेच्या विद्यार्थिनीने तरी ओळखायला हवे होते.

दोष मुळातला होता. तिच्या गाडीत शाफ्टला आतल्या टोकाशी एका लहानशा कडीने धरून ठेवलेले होते. शाफ्ट तुटला की बाहेरच्या तुकड्याला धरणारे काही उरत नाही, चाक मोकळे. मालवाहू पिकअपच्या ॲक्सलमध्ये मात्र शाफ्ट बाहेरच्या टोकाशी, बेअरिंगपाशी बोल्टने जखडलेला असतो. तुटला तरी चाक जागेवर राहते, आणि तो बनलेलाच असतो पोत्यांच्या थप्प्या वाहण्यासाठी. जुन्या पिकअपचा असा ॲक्सल भंगारात सहज मिळतो. अडचण एकच. तो तिच्या गाडीसाठी रुंद होता.

शाफ्ट कापून जोडायचा नसतो. जोडलेला शाफ्ट म्हणजे पुढच्या अपघाताची तयारी. पण अण्णांची एक युक्ती मला ठाऊक होती. त्या पिकअपमध्ये क्राउनचे घर मधोमध नसून एका कडेला असते. त्यामुळे एक शाफ्ट लांब, एक आखूड. लांब बाजूची नळी कापून आखूड बाजूइतकी करायची, आणि दुसऱ्या भंगार ॲक्सलमधून आणखी एक आखूड शाफ्ट आणायचा. दोन्ही शाफ्ट कंपनीचे, अखंड. कापाकापी फक्त नळीची.

दुसरा आखूड शाफ्ट चेणे गावाजवळच्या एका भंगारवाल्याकडे सापडला. हर्षदा माझ्याबरोबर आली होती. गंजलेल्या ढिगातून तिने तो बाहेर ओढला आणि प्रयोगशाळेतली काचपट्टी धरावी तसा उजेडात धरून विचारले, "काकू, ह्याच्या आत भेग असेल तर कळणार कसं?"

मी तो दोरीने टांगला आणि पान्याने हलकेच ठोकले. घंटेसारखा स्वच्छ, लांबत जाणारा नाद आला. "भेग असती तर आवाज लगेच बसला असता," मी म्हणाले. तिने स्वतः तीनदा ठोकून पाहिले. तिच्यात मला माझ्या जीपमधल्या पहिल्या दुपारचे कुतूहल दिसले, आणि मी थोडी हुरळले.

लालजींनी नळी कापली, जोडली. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी एका अंगाला ओढली जाते, म्हणून अण्णा वेल्डनंतर एक लांब पोलादी रॉड हाउसिंगच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बेअरिंगच्या जागी बसवलेल्या, मध्ये भोक असलेल्या गोल चकत्यांतून घालून पाहत. रॉड अडखळला तर नळी वाकडी. लालजींनी अण्णांचाच रॉड घातला.

"भाभी, मक्खन की तरह गया!"

मी शेंदूर लावला, ठसा घेतला. दाताच्या मधोमध तांदळाचा दाणा. माझ्या सातव्या वहीतला तो सर्वांत सुबक ठसा आहे. आजही आहे, मी तो फाडलेला नाही.

शनिवारी ॲक्सल गाडीखाली चढला. दुसऱ्या दिवशी शर्यत. गाडी स्टँडवर उचलून, चाके हवेत ठेवून हर्षदाने इंजिन चालू केले. नाखवा एका टायरवर बसले होते. मी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक हाउसिंगला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. भुंगा नाही, म्हातारा नाही, जाते नाही. मात्र एक काहीतरी होते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा, झोपलेल्या माणसाचा श्वास क्षणभर अडखळावा तसे.

"ब्रेकचा पट्टा नवा आहे," मी म्हणाले. "घासतोय. चार फेऱ्यांत बसेल."

हे मी का म्हणाले? ठसा सुंदर आला होता म्हणून. मुलगी घड्याळ पाहत होती म्हणून. आणि इतक्या वर्षांत कुणी माझ्या कानावर शंका घेतली नव्हती म्हणून. भुसा काही फक्त तेलातच टाकतात असे नाही.

इंजिन बंद झाले. नाखवा उठले. "मंग, बाय? सांग."

मी स्क्रूड्रायव्हर बाकावर ठेवला. "तो आवाज ब्रेकचाच आहे, नाखवा."

"त्यो न्हाय इचारला मी. चाकाचा सांग. माझे बोटीचा शाफ्ट पन आसाच बोलायचा. शाफ्टाची नली वाकरी होती. मिस्त्री बोलला, बसंल. भर दर्यात तुटला."

"नळी तपासली आहे. रॉड घालून."

"दाव रॉड."

रॉड कुठे होता? नेहमीच्या जागी. गाळ्याच्या शटरची स्प्रिंग तुटली होती, आणि ती बदलायला उद्या-उद्या करत तीन पावसाळे गेले होते. तोवर शटर वर टेकवून ठेवायला अण्णांचा तो रॉड लावायचा, ही व्यवस्था मीच सांगितली होती. लालजींनी शटर हाताने पेलले, मी रॉड काढून दिला. नाखवांनी एक डोळा मिटून त्याच्या लांबीवरून नजर फिरवली.

"यो वाकरा हाय."

लालजींचा चेहरा उतरला. "भाभी, शटर के वजन से..."

रॉडला आलेला बाक आणि नळीला आलेला बाक एकाच अंगाने जुळला असेल, तर तो लोण्यासारखा जाणारच. तो आत असताना नुसता फिरवून पाहिला असता तरी अडकला असता. अण्णा फिरवत. मला ते आठवत होते. मी फक्त लालजींना सांगितले नव्हते.

हर्षदा म्हणाली, "काकू, पण नळी सरळ असू शकते ना? उद्या शर्यत आहे."

"असू शकते," मी म्हणाले. "मला माहीत नाही." हे तीन शब्द त्या गाळ्यात मी पहिल्यांदाच उच्चारले.

ॲक्सल खाली उतरवून रिकामा करण्यात दुपार गेली. नाखवा त्यांच्या स्कूटरच्या डिकीतून तंगुसाची रीळ घेऊन आले. तंगूस म्हणजे मासे पकडायची नायलॉनची बारीक, पारदर्शक दोरी. त्यांनी हाउसिंगच्या दोन्ही टोकांना मध्ये भोक पाडलेल्या चकत्या बसवायला लावल्या, त्यांतून तंगूस ओवला, एक टोक खिळ्याला बांधले आणि दुसऱ्या टोकाला जाळ्याची शिशाची वजने लटकवली. दोरी ताणली गेली. त्यांनी तिला बोटाने छेडले आणि नळीच्या पोटातून एकतारीसारखा सूर आला. आम्ही चौघे वाकून पाहत होतो. मधल्या बेअरिंगच्या गोल घरातून दोरी जात होती, पण मधून नव्हे. खालच्या कडेला ती चांगली दीड मिलिमीटर जवळ होती.

हर्षदाने स्वतः कॅलिपर घेऊन चारही बाजूंनी मोजले, आणि मग कॅलिपर बाकावर ठेवून ती टेम्पोत जाऊन बसली. तिची शर्यत गेली होती. तो दीड मिलिमीटर शाफ्टला प्रत्येक फेऱ्यात वाकवत राहिला असता. तार सारखी वाकवली की तुटते, तसा तो कधीतरी तुटला असता. चाक कदाचित जागेवर राहिले असते. कदाचित. मी "कदाचित" या शब्दावर त्या माणसाला वचन देणार होते.

नळी सरळ करायला पाच दिवस लागले. बाकाच्या फुगीर अंगावर गॅसच्या ज्योतीने नाण्याएवढा ठिपका लाल करायचा आणि निवू द्यायचा. निवताना लोखंड आकसते आणि नळीला आपल्याकडे ओढते. एका ठिपक्याने केसभर. दर वेळी तंगूस, दर वेळी कॅलिपर. नाखवा बाजार आटोपून रोज अकराला येत, तंगूस ताणत आणि मान हलवत. दुसऱ्या दिवशी लालजींनी कुणी न सांगता शटरला नवी स्प्रिंग बसवली.

पाचव्या दिवशी दोरी मधोमध आली. गाडी पुन्हा स्टँडवर चढली. मी स्क्रूड्रायव्हर कानामागे लावून बराच वेळ बसले. श्वास अखंड होता.

"नाखवा," मी म्हणाले, "चाक निसटणार नाही, असं मी सांगू शकत नाही. नळी सरळ आहे, शाफ्ट अखंड आहेत, आणि तुटला तरी चाक धरून ठेवील असं बांधलंय. एवढंच सांगते."

त्यांनी तंगुसाची रीळ खिशात टाकली. मग मुलीला म्हणाले, "ने गारी."

पुढची शर्यत दीड महिन्यांनी होती. हर्षदाने त्या काळात एकदाही फोन केला नाही, आणि त्यात तिची चूक नव्हती. त्या रविवारी मी कारण नसताना गाळा उघडला. लालजीही कारण नसताना आले. मी वही काढून तो सुबक ठसा पाहत बसले, आणि त्याच्याखाली पेन्सिलीने लिहिले: रॉड वाकडा होता.

दुपारी फोन वाजला. हर्षदाचा नंबर, पण पलीकडे नाखवा. त्यांच्या मागे इंजिनांचा गदारोळ, माणसांच्या आरोळ्या. "बाय," ते म्हणाले. हर्षदाच्या सांगण्यानुसार या माणसाने तिची शर्यत आजवर एकदाही पाहिलेली नव्हती, आणि आज तो धावपट्टीच्या कठड्याशी उभा होता, हे मला त्या गोंगाटातून हळूहळू उमगले.

"धावली?" मी विचारले.

"तीन येला."

वेळ किती लागला, कितवी आली, हे मी विचारले नाही. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती आणि ती विचारताना माझा हात वहीवर होता.

"मागून काही आवाज?"

पलीकडे बराच वेळ फक्त वारा होता. त्यांनी आठवून पाहिले असावे, तिन्ही वेळा, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"न्हाय."